सुतकातले हसू

माझे वडील वारले त्याच्या दहाव्या दिवशी सकाळी मी मोठ्याने हसलो. या गोष्टीला आता ४० वर्षे होऊन गेली. मी मॅट्रिक झालेला एक साधा शाळामास्तर. जन्मभर मुलांना इतिहास शिकविला, सनावळ्या पाठ करून घेतल्या आणि यथाकाल सेवानिवृत्त झालो. परंतु त्या दिवशी आमच्या आत्याबाईंनी मला जो प्रश्न केला, त्याचे उत्तर शिकविण्याच्या कोणत्याही पुस्तकात मला आढळले नाही. त्या म्हणाल्या होत्या, "बाप गेला अन् हसतोस कामून रे?" मी मान खाली घातली. आज नभोवाणीवर दोन शब्द बोलण्याचा योग आला आहे, तेव्हा ते राहून गेलेले उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. आत्याबाई आज हयात नाहीत. श्रोत्यांनी त्यांच्या जागी बसून ऐकावे.

प्रसंग असा घडला. चितेला प्रदक्षिणा घालताना खांद्यावरच्या मडक्यास ज्या दगडाने भोक पाडतात, त्या दगडाला शास्त्रात अश्मा म्हणतात. आमच्याकडे तोच जीवखडा. दहा दिवस मृताचा जीव त्या खड्याच्या आश्रयाने असतो, अशी समजूत आहे. म्हणून तो घराबाहेर जपून ठेवतात, त्यावर तिलांजली देतात आणि दहाव्याचे विधी आटोपले की नदीत सोडतात. आमचा जीवखडा गोठ्याच्या भिंतीतील कोनाड्यात चिंधीत गुंडाळून ठेवला होता. दहाव्या दिवशी आम्ही कयाधूच्या काठी जावयास निघालो, तो कोनाड्यात चिंधी तेवढी होती आणि खडा नाहीसा झालेला!

घरात एकच धावपळ उडाली. पण अंगणात, गोठ्यात, उकिरड्यावर दगडांना काय तोटा? ज्याला जो दगड संशयास्पद वाटला तो त्याने उचलून आणला. पाहता पाहता गुरुजींच्या पुढ्यात वीसपंचवीस खड्यांची रास पडली. आमचे धाकटे काका अत्यंत गंभीर प्रकृतीचे गृहस्थ. त्यांनी पुढे होऊन, हात जोडून, भरल्या गळ्याने विचारले, "गुरुजी, ह्यांतले आमचे दादा कोणते, ते तुम्हीच ओळखा." हे वाक्य ऐकले आणि मला हसू आवरेना. गुरुजींनी उपरण्याचे टोक तोंडावर धरले. काका मात्र तसेच हात जोडून उभे.

इतक्यात माझी सात वर्षांची पुतणी परसातून आली. तिच्या ओंजळीत पाच खडे होते. त्यांतला काळा गुळगुळीत खडा तिने वेगळा काढून गुरुजींपुढे धरला आणि म्हणाली, "हे आजोबा." आजोबा आता त्या खड्यात आहेत, असे तिला मोठ्या माणसांनीच सांगितले होते. ते कोनाड्यात एकटेच बसून आहेत, हे तिला बरे वाटले नाही. म्हणून रोज दुपारी ती त्यांना खड्यांच्या खेळात घेत असे आणि खेळ संपला की पुन्हा नेऊन ठेवीत असे. त्या दिवशी ठेवावयाचे तेवढे राहून गेले होते. वडील जिवंत असताना हा खेळ तिला त्यांनीच शिकविला होता.

आमच्या कुळाच्या वहीत त्या मृत्यूची तिथी लिहिलेली आहे. त्या तिथीवरून माझे वडील कोण होते, हे कोणालाही कळणार नाही. हा खड्याचा प्रसंग ऐकणाऱ्याला मात्र पुष्कळ कळेल. यावरून माझ्या मनात एक विचार बळावत गेला, तो असा : अंत्यविधी जोवर ठरल्याप्रमाणे चालतो, तोवर तो सर्वांचा सारखाच असतो. राजाला आणि रंकाला तीच लाकडे, तोच अग्नी, तीच तिलांजली. परंतु कोठेतरी ठरलेले मोडते, कोणी नको ते बोलतो, कोणी नको तेथे पुढे येतो, आणि त्या क्षणी गेलेला माणूस व मागे राहिलेले घर ही दोन्ही एकदम उजेडात येतात. तो क्षण कधी हसविणारा असतो, कधी थक्क करणारा. इतिहासाच्या अभ्यासकाने त्याकडे पाठ फिरवू नये, एवढेच मला सांगावयाचे आहे.

याला दूरचे दाखले नकोत. हिंगोली जिल्हा स्वतंत्र झाला तो १ मे १९९९ रोजी; पण या मातीचा मान फार जुना. संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून परंपरा ज्या नरसीकडे बोट दाखविते, ती नरसी याच कयाधूच्या काठी आहे. नामदेवांच्या चरित्रात एका विलक्षण अंत्यविधीची कथा येते. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम चालू असता भिंत कोसळली आणि तिच्याखाली पुष्कळ मजूर गाडले गेले. त्यांत चोखोबा होते. काही काळाने नामदेव तेथे गेले, तेव्हा हाडे एकमेकांत मिसळून गेली होती. यांतली चोखोबांची कोणती, हे कसे ओळखावे? परंपरा सांगते की, नामदेव एकेक हाड उचलून कानाशी धरू लागले आणि ज्या हाडांतून विठ्ठलनामाचा ध्वनी आला तेवढी त्यांनी वेचून घेतली.

श्रोत्यांनी हे दृश्य डोळ्यांपुढे आणावे. दगडमातीच्या ढिगाऱ्यात बसून एक मनुष्य हाडे कानाला लावीत आहे! वाटसरूंपैकी कोणी हसलेही असेल. आमच्या काकांनी गुरुजींना जे विचारले, तोच प्रश्न येथेही होता : ह्यांतले आमचे कोणते? नामदेवांनी ती हाडे पंढरपुरास नेली आणि महाद्वारासमोर त्यांस समाधी दिली. ज्या चोखोबांस जिवंतपणी देवळाची पायरी चढता आली नाही, ते मृत्यूनंतर देवळाच्या दारात कायमचे येऊन राहिले. त्यांच्या जातिबांधवांना ते दार उघडावयास मात्र १९४७ साल उजाडले. त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले. हाडांना जे सहाशे वर्षांपूर्वी मिळाले, ते माणसांना इतक्या उशिरा मिळाले, हा हिशेब त्या एका अंत्यविधीने मांडून ठेवला आहे.

आता पेशवाईकडे वळू. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. रणावर त्यांचे प्रेत शोधून त्यास अग्नी देण्यात आला, असा वृत्तांत काशीराज पंडितांनी लिहून ठेवला आहे. परंतु त्यांच्या पत्नी पार्वतीबाई, ज्या स्वतः पानिपतापर्यंत गेल्या होत्या आणि त्या रणकंदनातून वाचून परत आल्या होत्या, त्यांना ते मान्य झाले नाही. त्यांनी कुंकू पुसले नाही. बाईंचा निश्चय एवढा की, पुण्यात भाऊंचा अंत्यसंस्कार करावयास कोणी धजेना. पुढे एक तोतया उभा राहिला आणि मीच भाऊ म्हणून त्याने कोकणात फौज जमविली, किल्ले घेतले. माणूस गेला असे घर म्हणत नाही, म्हटल्यावर कोणीतरी त्याचे सोंग घेऊन यावयाचाच! तोतयास १७७६ मध्ये देहान्त शासन झाले. पार्वतीबाई १७८३ मध्ये निवर्तल्या आणि तेव्हा, पानिपतानंतर २२ वर्षांनी, पतिपत्नीचे उत्तरकार्य एकत्र करण्यात आले. पानिपतावरील लाखो शब्दांत मला या एकाच गोष्टीने त्या पराभवाची खोली समजली. एका बाईने 'नाही' म्हटले आणि एवढ्या मोठ्या राज्याचे धर्मशास्त्र २२ वर्षे तिच्या दाराशी थांबून राहिले.

बाईच्या निश्चयाची आणखी एक हकीकत पुण्याचीच आहे. महात्मा जोतीराव फुले २८ नोव्हेंबर १८९० रोजी निवर्तले. आपला देह जाळू नये, मिठात पुरावा, अशी त्यांची इच्छा होती. त्याप्रमाणे घराच्या मागे खड्डाही खणून ठेविला होता. परंतु वस्तीच्या जागी प्रेत पुरण्यास परवानगी मिळाली नाही. हा पहिला अनपेक्षित प्रसंग. दुसरा अंत्ययात्रेच्या वेळी घडला. टिटवे म्हणजे प्रेतापुढे न्यावयाचे अग्नीचे मडके. दत्तकपुत्र यशवंताने ते धरू नये, असा वाद भाऊबंदांनी घातला. कारण आपल्याकडे जो टिटवे धरतो तोच वारस समजला जातो. प्रेत दारात आणि वाद वारसाचा, हा प्रकार कोणत्या गावास नवा आहे? अशा वेळी सावित्रीबाई पुढे झाल्या. त्यांनी टिटवे स्वतःच्या हाती घेतले, त्या अंत्ययात्रेच्या अग्रभागी चालल्या आणि अग्नीही त्यांनीच दिला. आयुष्यभर दोघांनी जे शिकविले ते एका मडक्याने सर्वांना दाखविले. भाऊबंदांनी वाद घातला नसता, तर हे घडलेही नसते. म्हणून मी म्हणतो, ठरलेले मोडले की माणूस दिसतो.

गोपाळ गणेश आगरकरांचे तर नशीबच निराळे. त्यांनी आपली प्रेतयात्रा जिवंतपणी पाहिली. त्यांच्या सुधारणेच्या मतांनी चिडलेल्या पुणेकर सनातन्यांनी त्यांची लुटुपुटीची तिरडी बांधून मिरवणूक काढिली आणि ती त्यांच्या घरावरून नेली. हसविण्याच्या हेतूने केलेला हा अंत्यविधी. पण आज आपणांस हसू येते ते तिरडी वाहणाऱ्यांचे. खरे मरण १७ जून १८९५ रोजी आले, तेव्हा आगरकर अवघे ३८ वर्षांचे होते आणि फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य होते. मागाहून त्यांच्या सामानात एक पुडी सापडली. आपल्या दहनासाठी कोणाकडे हात पसरावा लागू नये, म्हणून खर्चापुरते पैसे त्यांनी आपल्या हाताने बांधून ठेवले होते. लोकांनी काढलेल्या खोट्या प्रेतयात्रेला जेवढा थाट होता, तेवढा खऱ्या यात्रेच्या खर्चाला नव्हता. या पुडीपुढे मोठमोठे मृत्युलेख फिके पडतात.

आणि ज्या काळी समुद्र ओलांडला की जात जाई, त्या काळातील डॉक्टर आनंदीबाई जोशी पाहा. १८८६ साली अमेरिकेत वैद्यकीची पदवी मिळवून त्या परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. वय वर्षे २१. त्यांच्या अस्थी गंगेला जातील असे कोणासही वाटले असते. पण त्यांतील रक्षा गेली अमेरिकेस, पकिप्सी नावाच्या गावी. ज्या कार्पेंटरबाईंनी त्यांना तेथे पोटच्या मुलीप्रमाणे वागविले, त्यांच्या घराण्याच्या दफनभूमीत ती ठेवण्यात आली. नात्याची वही निराळी आणि मायेची वही निराळी; अस्थी कोणाकडे गेल्या यावरून खरी वही कोणती ते कळते.

हे सारे मोठ्यांचे झाले. पण लहानांच्या घरीही हीच परीक्षा होते आणि तिचा परीक्षक पुष्कळदा कावळा असतो. दहाव्याला पिंड मांडला की काकस्पर्शाची वाट पाहावयाची. कावळा शिवला नाही तर मृताची काही इच्छा अपुरी राहिली असे समजून आप्तस्वकीय एकेक वचन देऊ लागतात. शेवटी काहीच साधले नाही, तर दर्भाचा कावळा करून त्याचा स्पर्श करवितात.

आमच्याच भागातील एका खेड्यात मी पाहिलेला प्रसंग सांगतो. तेथील एका वृद्ध शेतकऱ्याचा चुलतभावाशी बांधावरून २२ वर्षे कज्जा चालला होता. म्हातारा गेला. दहाव्याला पिंड मांडले. कावळे लिंबावर बसून राहिले. एकही खाली उतरेना. थोरला मुलगा म्हणाला, "बाबा, आईला अंतर देणार नाही." कावळे ढिम्म. धाकटा म्हणाला, "धाकटीचं लग्न थाटात करू." काही नाही. मग थोरल्याने आवाज चढवून सांगितले, "बाबा, बांधाचा दावा वरच्या कोर्टापर्यंत लढवू, वकीलही बदलणार नाही." यावर असलेले दोन कावळे उडून गेले. मंडळी खाली पाहून हसू लागली. ऊन चढले. तेव्हा मागे दूर उभा असलेला तो चुलतभाऊ, ज्याला कोणी पुढे बोलावले नव्हते, हळूहळू पिंडाजवळ आला आणि म्हणाला, "आण्णा, दोन हात बांध म्या सोडला. आता ये." थोडा वेळ गेला आणि एक कावळा उतरून घास घेऊन गेला.

तो योगायोग होता की आणखी काही, हे मला सांगता येणार नाही. उन्हाच्या वेळी भूक कावळ्यालाही लागते. पण पुढे जे झाले ते ध्यानात घ्यावे. सर्वांचे डोळे पाणावलेले असताना थोरला मुलगा म्हणाला, "काका, कावळ्याची साक्ष कोर्टात चालत नाही. कागदावर द्या." एक क्षणभर शांतता झाली आणि मग जो तो पोट धरून हसला, चुलतभाऊ सर्वांहून अधिक. २२ वर्षांनी दोन्ही घरची माणसे प्रथमच एका गोष्टीला मिळून हसली होती. कागद पुढे झाला आणि दावा काढून घेतला गेला. मला असे वाटते की, कागदापेक्षा त्या हसण्यानेच दावा मिटविला.

आपल्या पूर्वजांना माणसाचे मन चांगले ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी शोकाला दिवस नेमून दिले आणि त्या दिवसांत माणसाला एकटे सोडले नाही. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. शेजारी पिठले-भाकरी पाठवितात, सोयरे कडू घास भरवितात. इतकी माणसे इतके दिवस एकत्र बसली की कोणी तरी काही तरी वेडेवाकडे बोलणारच. परिपक्व वयात, नातवंडे-पतवंडे पाहून गेलेल्या माणसाला आमच्या खेड्यांतून टाळमृदंगाच्या गजरात, गुलाल उधळीत नेतात. लिंगायत बांधव मृताला बसवून, फुलांनी सजवून, वाजतगाजत नेतात. मरणाच्या घरी केवळ रडणेच शोभते, असे म्हणणाऱ्यांनी ह्या चाली एकदा पाहाव्या.

तथापि एक मर्यादा सांगितली पाहिजे. अकाली मरणाच्या घरी, तरुण मूल गेलेल्या घरी, हसू येत नाही आणि ते येऊ नये. बाहेरचा मनुष्य दुसऱ्याच्या प्रेतापुढे हसतो तो आगरकरांची तिरडी वाहणाऱ्यांचा वारसदार. मी ज्या हसण्याविषयी बोलत आहे ते घरच्यांचे, शोकाच्याच पोटातून येणारे हसू. दोन्ही हसणी ऐकावयास सारखीच असतात. भेद एवढाच की, एकात गेलेला माणूस दूर लोटला जातो, दुसऱ्यात तो क्षणभर परत येतो.

मी हसलो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, आईच्या शेवटच्या आजारात, मी तिच्यापाशी तो विषय काढला. आत्याबाईंचे शब्द माझ्या मनात सलत होते. आई म्हणाली, "मी दाराआड होते. तू हसायच्या आधी मी हसले. तोंडात पदर कोंबला म्हणून ऐकू आलं नाही. नऊ दिवस घशाखाली घास उतरत नव्हता. त्या दिवशी अर्धी भाकरी खाल्ली."

आत्याबाई, हे तुमच्या प्रश्नाचे उत्तर. मी वडिलांना हसलो नाही. वडील असते तर काकांच्या त्या वाक्याला सर्वांत आधी तेच हसले असते, हे त्या क्षणी मला दिसले आणि ते दिसल्यामुळे मी हसलो.

श्रोत्यांना जाता जाता एक विनंती आहे. आपल्या घरी वंशावळीची वही असेल, नसल्यास ती करावी. तीत जन्ममृत्यूच्या तिथी लिहाव्याच. पण प्रत्येक मृत्यूपुढे दोन ओळींची जागा सोडावी आणि त्या दिवसांत जे अनपेक्षित घडले, कोणी काय बोलले, कोण न बोलावता आले, कोण कशाला हसले, ते लिहून ठेवावे. आमच्या वहीत वडिलांच्या नावापुढे मी लिहिले आहे : 'जीवखडा नातीच्या खेळात सापडला.' ती पुतणी आता स्वतः सासू झाली आहे. पाचवा खडा कयाधूत गेला. उरलेले चार तिने आजवर जपून ठेवले आहेत.